टपालाने गेलेली दहा प्रकरणे

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीला जे. आर. आर. टॉल्किन यांनी नवी प्रस्तावना जोडली. ही कादंबरी पुरी व्हायला इतकी वर्षे का लागली, याचा हिशेब त्यांनी तिच्यात मांडला आहे. त्यात 1944 सालाबद्दल ते जाता जाता सांगतात की, पुढे कादंबरीचा चौथा भाग ठरलेली प्रकरणे त्या वर्षी लिहिली आणि ती क्रमशः ख्रिस्तोफर या मुलाला पाठवली. ख्रिस्तोफर तेव्हा ब्रिटिश हवाई दलात होता आणि त्याचा मुक्काम दक्षिण आफ्रिकेत होता.

हा मजकूर मी पूर्वी अनेकदा वाचला होता, पण त्यावर कधी थांबलो नव्हतो. वडिलांनी मुलाला वाचायला काही पाठवले, एवढाच अर्थ मी त्यातून घेतला होता. नंतर टॉल्किन यांच्या पत्रांचा 1981 साली प्रसिद्ध झालेला संग्रह हाती आला आणि 1944मधली पत्रे मी तारखांच्या क्रमाने वाचली. तेव्हा लक्षात आले की, पुरी झालेली कादंबरी वाचकाकडे गेली, असा हा प्रकार नाही. अडलेली कादंबरी पुढे सरकली ती सहासात हजार मैलांवर एक वाचक तिची वाट पाहत होता म्हणून. या लेखात मला तेवढेच दाखवायचे आहे.

आधी कादंबरी कुठे अडली होती ते पाहू. 'द हॉबिट' सप्टेंबर 1937मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे हस्तलिखित स्वीकारण्यापूर्वी प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले होते. रेनरने एक शिलिंग घेऊन अनुकूल अभिप्राय लिहून दिला. पुस्तक खपू लागले, प्रकाशकाने पुढचा भाग मागितला आणि त्याच डिसेंबरात टॉल्किन यांनी नव्या गोष्टीचे पहिले प्रकरण लिहिले. मुलांसाठीचे दुसरे पुस्तक दोनएक वर्षांत व्हावे, अशी अपेक्षा होती. पण गोष्ट वाढत गेली, गंभीर होत गेली आणि मध्ये महायुद्ध आले. टॉल्किन ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक होते. अध्यापन, परीक्षा आणि हवाई हल्ल्यांच्या काळातली पहाऱ्याची कामे सांभाळून लिहायला रात्रच उरे. मोरियाच्या खाणीतल्या बालिनच्या थडग्यापाशी कथा येऊन थांबली, ती जवळजवळ वर्षभर. पुढे ती सरकली आणि पुन्हा रेंगाळली. 1944 उजाडले तेव्हा फ्रोडो आणि सॅम ही दोन मुख्य पात्रे अंगठी घेऊन शत्रूच्या मुलखाकडे निघालेली होती आणि लेखकाने त्यांना तिथेच सोडले होते.

ख्रिस्तोफर हा टॉल्किन यांचा तिसरा मुलगा, जन्म नोव्हेंबर 1924चा. 'हॉबिट'ची गोष्ट घरात रात्री सांगितली जात असे तेव्हापासून तो बारीक कान देऊन ऐकणारा. मागच्या वेळी बिल्बोचे दार निळे होते, आज हिरवे कसे झाले, असे विचारून तो वडिलांना अडवी. मोठा झाल्यावर नव्या कादंबरीचे नकाशे त्याने काढले, काही प्रकरणांच्या सुवाच्य प्रती केल्या. जुलै 1943मध्ये त्याला हवाई दलात बोलावणे आले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी त्याची रवानगी दक्षिण आफ्रिकेत झाली. क्रूनस्टाड आणि स्टँडर्टन इथे तो राहिला. तेव्हा तो 19 वर्षांचा होता.

त्या काळातला पत्रव्यवहार कसा चाले, हेही समजून घ्यायला हवे. युद्धामुळे विमानात जागा कमी आणि सैनिकांची पत्रे अफाट. यावर 1941पासून 'एअरग्राफ' नावाची सोय निघाली. ठरावीक छापील कागदावर मजकूर लिहायचा. टपालखाते त्याचा बारीक फिल्मवर फोटो घेई, फिल्म विमानाने जाई आणि मुक्कामी पोचल्यावर तिच्यावरून लहान आकाराची छापील प्रत काढून ती ज्याची त्याला दिली जाई. दीड हजारांहून अधिक पत्रे पाच-सहा औंसांच्या फिल्ममध्ये मावत. मात्र मूळ अक्षर मोठे नसेल, तर प्रतीत ते वाचणे अवघड. टॉल्किन एअरग्राफ वापरत, हवाई पत्रेही लिहीत आणि जागा पुरावी म्हणून पुष्कळदा टंकयंत्रावर बसत. एखादे पत्र वाटेत गहाळ झाले तर मुलाला ते कळावे, यासाठी प्रत्येक पत्रावर क्रमांक घालत. कादंबरीची प्रकरणे अशा चिमुकल्या फिल्ममध्ये जाणे शक्य नव्हते. ती टंकलिखित करून कागदांच्या पुडक्यानेच पाठवावी लागत. म्हणजे पत्र पुढे आणि प्रकरण मागे, अशी दोन गतींची टपाले एकाच वेळी चालू होती.

एप्रिल 1944च्या पहिल्या आठवड्यात टॉल्किन मुलाला कळवतात की, पुस्तक पुरे करायचे मनावर घेतले आहे आणि त्यासाठी रात्री जागतो आहे. तिथून मेअखेरपर्यंतची पत्रे म्हणजे या लेखनाची रोजनिशीच होय. घरच्या कोंबड्या, सायकलचे पंक्चर, विद्यापीठातल्या बैठका यांच्या मधोमध फ्रोडो आणि सॅम कुठवर पोचले याची खबर येते. कधी कळते की, युद्धात वापरला जाणारा एक प्रचंड हत्ती कथेत मोकाट सुटला आहे आणि तो पाहण्याची सॅमची जन्माची हौस फिटली आहे. 6 मेच्या पत्रात एका नव्या पात्राची बातमी आहे. हा फॅरामिर आपण योजलेला नव्हता, तो इथिलियनच्या रानातून चालत आला, असे टॉल्किन सांगतात. तो गोंडोरच्या इतिहासावर इतका बोलतो की, असाच बोलत राहिला तर त्याला परिशिष्टात हलवावे लागेल, अशी थट्टाही करतात. फॅरामिर आज या कादंबरीच्या वाचकांच्या आवडत्या पात्रांपैकी एक आहे. कागदावर आल्यानंतर काही दिवसांतच त्याची बातमी आफ्रिकेच्या वाटेला लागली होती.

याच पत्रांत युद्धाबद्दलही मोकळेपणाने लिहिलेले आहे. छावणीतल्या आयुष्याला मुलगा कंटाळला होता. वडील त्याला सांगतात की, पहिल्या महायुद्धात आपणही असेच होतो, तेव्हा छावण्यांतल्या गर्दीत आपण कथा रचू लागलो, तूही लिहून पाहा. शत्रूची अंगठी वापरून शत्रूला हरवू पाहणे म्हणजे आपल्यातूनच नवे शत्रू निर्माण करणे, हा कादंबरीतला विचार ते चालू युद्धाला लावून दाखवतात. माणसे आणि राक्षस दोन्ही बाजूंना आहेत, असेही बजावतात. कादंबरी ही त्या दोघांमधली सांकेतिक भाषा झाली होती. सैनिकांच्या टपालावर सेन्सॉरची नजर असण्याच्या काळात तिच्यामुळे बरेच काही बोलता येत होते.

आता वाचकाच्या अधिकाराचा पुरावा. सॅमचे आडनाव 'गॅमजी' आहे. बर्मिंगहॅमकडे कापसाच्या वैद्यकीय घड्यांना, त्या काढणाऱ्या शल्यवैद्याच्या आडनावावरून, हाच शब्द रूढ होता. टॉल्किन यांचे बालपण त्याच भागात गेले होते. 1944मध्ये त्यांना वाटू लागले की, हे आडनाव बदलून 'गुडचाइल्ड' करावे. त्यांनी मुलाचे मत विचारले. मुलाला बदल पसंत पडला नसावा, कारण 28 जुलैच्या पत्रात टॉल्किन लिहितात की, तुझ्या संमतीवाचून सॅमचे नाव बदलण्याचा विचारही करणार नाही. तुझ्या मनातला सॅम आता त्या नावाशी बांधला गेला असेल, हेही ते समजून घेतात. नाव राहिले. आफ्रिकेतल्या छावणीतून आलेल्या एका मताने कादंबरीतले सर्वांत लाडके नाव वाचवले. याला एक पुरवणीही आहे. कादंबरी गाजल्यावर, 1956 साली, लंडनच्या एका गृहस्थांनी टॉल्किन यांना पत्र पाठवले. तुमच्या गोष्टीतल्या सॅमचे नाव आणि माझे नाव अगदी एकच कसे, अशी त्यांची पृच्छा होती. टॉल्किन यांनी आनंदाने उत्तर लिहिले आणि तिन्ही खंड सही करून त्यांना भेट पाठवले. नाव बदलले असते तर हे टपाल आलेच नसते.

मेअखेर चौथा भाग संपला. सी. एस. लुईस यांना शेवटची प्रकरणे वाचून दाखवली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ऑक्सफर्डच्या मित्रमंडळात दाद अशी समोरासमोर मिळत होती. ख्रिस्तोफरच्या हाती मात्र मजकूर टंकलिखित होऊन, समुद्र ओलांडून, महिन्यांनी पडे. मेमध्ये लिहून झालेली शेवटची दोन प्रकरणे टॉल्किन यांनी 29 नोव्हेंबरच्या पत्राबरोबर पाठवली. त्या पत्रात ते कबूल करतात की, नायकाला अशा पेचात अडकवले आहे की त्यातून सोडवणे लेखकालाही सोपे नाही. लुईस यांचे डोळे भरून आल्याचे सांगतात. आणि पुढे लिहितात, मला मुख्यतः तुझे मत ऐकायचे आहे, कारण बराच काळ मी तुलाच डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आलो आहे. लुईस यांच्या अश्रूंनंतरही त्यांना सर्वांत शेवटी वाचणाऱ्याचाच निकाल हवा होता. नाताळच्या आदल्या दिवशीच्या पत्रावरून दिसते की, आधी पाठवलेला तिसरा गठ्ठा पोचला होता, मुलाला तो आवडला होता आणि तो वाचून घराची ओढ मात्र वाढली होती.

माझे एक अनुमान इथे नोंदवतो. तिसऱ्या आणि पाचव्या भागांत कथा अनेक पात्रांमागून, अनेक वाटांनी जाते. चौथ्या भागातली दहाही प्रकरणे मात्र एकच वाट धरतात: फ्रोडो, सॅम आणि त्यांच्याबरोबर चालणारा गोलम. घरापासून दूर, परक्या उजाड मुलखात, परतीची खात्री नसताना चालत राहणाऱ्यांची ही कथा आहे. ती वाचणारा पहिला तरुण घरापासून दूर, छावणीत होता. पत्राने कादंबरीला हा आकार दिला असे मी म्हणणार नाही. पण या भागात सॅम इतका मोठा का होत गेला, हे मला या टपालाची माहिती झाल्यावरच उमगले.

या पुराव्याला मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. त्या संग्रहात पत्रे आहेत ती फक्त टॉल्किन यांची. ख्रिस्तोफरने काय लिहिले ते आपल्याला वडिलांच्या उत्तरांवरून ताडावे लागते. मराठीत आपण याबाबत थोडे भाग्यवान आहोत. जी. ए. कुलकर्णी यांनी सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेली पत्रे आपल्याकडे छापली गेली आणि 'प्रिय जी. ए.'मुळे सुनीताबाईंची बाजूही वाचता आली. चांगला वाचक लेखकाला काय काय लिहायला लावतो, हे तिथे दोन्ही अंगांनी दिसते. टॉल्किन पितापुत्रांच्या बाबतीत एकच अंग उजेडात आहे.

आणखी एक गोष्ट मला या पत्रव्यवहारापासून वेगळी काढता येत नाही. टॉल्किन यांचा जन्म 1892 सालचा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनचा. ख्रिस्तोफरचे क्रूनस्टाड तिथून सुमारे 200 किलोमीटरवर, त्याच प्रांतात. तीन वर्षांचा असताना छोटा रोनल्ड (घरात टॉल्किन यांना याच नावाने हाक मारत) आईबरोबर इंग्लंडला आला. वडील नोकरीसाठी मागे राहिले आणि आजारी पडले. 14 फेब्रुवारी 1896 रोजी चार वर्षांच्या रोनल्डने दाईला सांगून वडिलांसाठी पत्र लिहवून घेतले: मी तुम्हाला भेटायला परत येतो आहे. ते पत्र टपालात पडलेच नाही. त्याआधी वडील अत्यवस्थ असल्याची तार आली आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. त्यांची कबर ब्लूमफाँटेनलाच आहे. 48 वर्षांनी रोनल्डचा मुलगा त्याच मुलखात गेला. या वेळी पत्रे जात होती, पोचत होती आणि त्यांना उत्तरे येत होती. क्रमांक घातलेल्या त्या पत्रांत एकही वाटेत हरवू नये, या काळजीमागे काय असेल, ते टॉल्किन यांनी कुठे लिहिलेले मला आढळले नाही. तारखा मात्र शेजारी शेजारी ठेवण्यासारख्या आहेत.

ऑक्टोबर 1944मध्ये टॉल्किन पाचव्या भागाकडे वळले, पण फ्रोडोच्या आणि इतरांच्या प्रवासाचे दिवस एकमेकांशी जुळेनात. लेखन पुन्हा थांबले. 1945मध्ये ख्रिस्तोफर इंग्लंडला परतला आणि टपालाची गरज संपली. कादंबरी पुरी व्हायला 1949 उजाडले. नोव्हेंबरच्या त्या पत्रात टॉल्किन यांनी मुलाला शेवटचे दृश्यही सांगून टाकले होते: सॅम आपल्या मुलांना ही सारी गोष्ट वाचून दाखवतो आहे. तो उपसंहार त्यांनी पुढे लिहिला, पण छापताना गाळला. तो प्रसिद्ध झाला 1992 साली, ख्रिस्तोफरने संपादित केलेल्या वडिलांच्या अप्रकाशित लेखनात. आफ्रिकेत पुडक्याची वाट पाहणाऱ्या त्या वाचकाने पुढे आयुष्यातली कितीतरी वर्षे वडिलांची हस्तलिखिते लावण्यात घालवली. 1977मध्ये 'द सिल्मरिलियन' आणि 1983 ते 1996 या काळात मध्य-पृथ्वीच्या इतिहासाचे 12 खंड त्याने सिद्ध केले. जानेवारी 2020मध्ये, वयाच्या 95व्या वर्षी, तो वारला.

1952 साली रेनर अन्विनने छापण्यासाठी हस्तलिखित मागितले. एक शिलिंग घेऊन अभिप्राय लिहिणारा तो मुलगा आता वडिलांच्या प्रकाशनसंस्थेत काम करत होता. नोंदणीकृत टपालाने पाठवा, असे त्याने सुचवले. टॉल्किन यांनी नकार दिला. एकच प्रत आहे, ती टपालाच्या हवाली करणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी 19 सप्टेंबर रोजी रेनर स्वतः ऑक्सफर्डला गेला आणि तो गठ्ठा हातात घेऊन आला. युद्ध चालू असताना याच कादंबरीची प्रकरणे टॉल्किन यांनी विश्वासाने समुद्रापार पाठवली होती. तेव्हा त्यांना प्रतीपेक्षा ती वाचणाऱ्याची काळजी जास्त होती.