राबाची धग, डोंगराचा वणवा

वैशाखात नाणे मावळात, पवन मावळात भातखाचरांच्या कडेने धूर निघतो. तो राबाचा. ऐन-किंजळाचे टहाळे, पाला, शेण, गवत यांचे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि रान भाजायचे. तणाचे बी जळते, राखेने माती सकस होते आणि तिथेच भाताचे रोप टाकले जाते. ही धग बांधापुरतीच असते.

टहाळे मात्र डोंगरावरचे. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलांना हद्दीचे दगड लागले आणि तिथली टहाळतोड गुन्हा ठरली. घाटाखाली ठाणे-कुलाब्यात राबावरून इतका असंतोष उसळला की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. त्याआधीच, 1883 मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गायराने गिळणाऱ्या जंगल खात्यावर आसूड ओढला होता.

1878 च्या कायद्यातले आगीचे कलम तर गावाच्या मुळावर येणारे होते. राखीव जंगलात कुणी मुद्दाम किंवा बेपर्वाईने आग लावली, तर तिथले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क सरकार स्थगित करू शकते. 1927 च्या कायद्यातही, कलम 26 मध्ये, ही तरतूद कायम राहिली. काडी एकाची, दावणीला उपाशी गुरे सगळ्या गावाची.

आज पारडे उलटले आहे.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला आणि लोणावळ्याभोवतीच्या उतारांना बंगल्यांचे भाव आले. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालकी कुणाचीही असो, जंगल ते जंगलच. केंद्राच्या परवानगीविना तिथे दुसरे काम नाही. म्हणजे उभे झाड हीच प्लॉट पाडणाऱ्याची अडचण. सह्याद्रीतले काही वणवे चांगल्या गवताच्या समजुतीने लागतात, काही विडीच्या थोटकाने. पण जमीन मोकळी दिसावी म्हणून डोंगर पेटवले जातात, हा आरोपही पर्यावरण कार्यकर्ते सातत्याने करत आले आहेत.

या युक्तीवर कायद्यात उतारा आहे. महाराष्ट्राच्या 1975 च्या खासगी वन संपादन कायद्याने जंगलाची व्याख्या करताना झाडे उभी असोत की तोडलेली, दोन्ही धरली. तेव्हा जळक्या उताराचा पंचनामा बुंधे मोजून, आणि जूनच्या आत व्हायला हवा. मावळातला पाऊस एकदा कोसळला की राख थेट इंद्रायणी-पवनेत जाते.