दोन्ही बाजूंचा वकील
पिंपरी-चिंचवडचा इतिहास कारखान्यांइतकाच जमिनीच्या कागदांचा आहे. १९७० साली इथे नगरपालिका झाली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले आणि १९८२ साली महापालिका. या वाढीसाठी शेतजमिनी संपादित झाल्या, आणि १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या १८व्या कलमाने वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयाचे दार उघडे ठेवले होते. म्हणून संपादन करणाऱ्यालाही वकील लागला आणि शेतकऱ्यालाही.

पालिकेचे काम केलेला वकील पुढे खाजगी पक्षकार घेतो तेव्हा आतली माहिती वापरतो, असा आक्षेप असतो. त्यात तथ्य आहे. पण ज्या दाव्यात एका पक्षाला सल्ला दिला, त्यात विरुद्ध पक्षातर्फे उभे राहण्यास बार कौन्सिलच्या नियमांतच मनाई आहे. शिवाय पालिकेचे काम आणि वकिली एकत्र असणे नवे नाही; फिरोजशहा मेहतांनीही वकिली सांभाळूनच मुंबई महापालिका घडवली. मोबदल्याचे गणित आतून जाणणारा वकील शेतकऱ्यालाही मिळणे न्यायाचेच आहे.