रामशास्त्री आणि पिसाळ

आमच्या वडिलांकडे पुढारी मोजायची दोनच मापं होती: रामशास्त्री किंवा सूर्याजी पिसाळ. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा अभ्यास करताना मला हीच मापं सगळीकडे भेटली. 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. ते रामशास्त्र्यांच्या पंक्तीत बसले. यशवंतराव चव्हाणांनी नेहरूंना संयुक्त महाराष्ट्रापेक्षा मोठं मानलं, द्वैभाषिकाचं मुख्यमंत्रिपद घेतलं. ते पिसाळ ठरले. 1689 मध्ये रायगड पडला त्या फितुरीचा ठपका परंपरेने ज्याच्यावर ठेवला, त्याचं हे नाव.

पण रामशास्त्र्यांचं तरी आपण काय लक्षात ठेवलं? 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबुवा पुणं सोडून गेले, एवढंच. ‘प्रभात’च्या 1944 च्या चित्रपटाने ते आणखी ठसवलं. बारभाईंचा जम बसल्यावर ते परत आले आणि पुढे कित्येक वर्षं, 1789 मध्ये वारेपर्यंत, न्यायदान करत राहिले, हे कुणाच्या बोलण्यात येत नाही. कज्जे ऐकत, निवाडे देत बसलेल्या माणसाची गोष्ट रंगत नाही. खुर्चीला लाथ मारली की लगेच टाळ्या! (मीही त्या वाजवल्या आहेत.)

चव्हाण खुर्चीत राहिले. 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा मंगलकलश आणल्याचं श्रेयही त्यांनाच मिळालं. वडील तो सोहळा मोठ्या आनंदाने सांगत. ‘पिसाळ’ मात्र त्यांनी शेवटपर्यंत मागे घेतला नाही.