आऊटबोर्ड बोटीसाठी स्टिअरिंग कोणतं? केबल की हायड्रॉलिक?

कडेगावची ओळख दुष्काळी तालुका अशी. पण लगतच्या पलूस तालुक्यात ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठची गावं बोटींवरच अवलंबून होती. अशा बोटींना मागे बाहेरून बसवलेलं इंजिन, म्हणजे आऊटबोर्ड असतं. इंजिन वळलं की बोट वळते. छोट्या रबरी बोटींत ते थेट दांड्याने वळवतात. चाक असेल, तर दोन पर्याय आहेत.

केबल स्टिअरिंग
चाक फिरवलं की आवरणातली पोलादी तार पुढे-मागे सरकते आणि इंजिन वळतं. स्वस्त, बसवायला सोपं. मात्र बोट वर्षभर पडून राहिली की ग्रीस सुकतं, गंज चढतो आणि चाक जड होतं.

हायड्रॉलिक स्टिअरिंग
चाकामागचा पंप नळ्यांतून तेल ढकलतो आणि सिलिंडर इंजिन वळवतो. चाक हलकं फिरतं, पंख्याचा ओढा हातावर येत नाही. पण खर्च कितीतरी जास्त. तेलगळती झाली किंवा तेलात हवा शिरली, तर चाक फिरूनही बोट नीट वळत नाही.

निवड कशी करायची?
पुरासाठी ठेवलेल्या २५-४० हॉर्सपॉवरच्या बोटीला केबल पुरते. साधारण १५० हॉर्सपॉवरच्या पुढे हायड्रॉलिकच घ्यावं. स्टिअरिंगची क्षमता इंजिनाला पुरेशी आहे ना, हे आधी तपासा.

पावसाळ्याआधी चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. ग्रीस देऊन, सांधे साफ करूनही केबल अडकत असेल, तर ती बदला. पुराच्या पाण्यात दुरुस्तीला वेळ मिळत नाही.