पन्ह्याचा पेला

दिवाळीच्या अंकात चैत्रातल्या पन्ह्याची गोष्ट काढली, तर फराळाचे ताट पुढ्यात घेऊन बसलेली वाचकमंडळी म्हणतील, मास्तरांचे पंचांग चुकले! पण पंचांग बरोबर आहे. चैत्रात आपण जे पन्हे पितो, त्याची सुरुवात दिवाळीतच होते. पाऊस सरला, ऊस भरला, की कोल्हापूरकडे गुऱ्हाळे पेटतात आणि दिवाळीच्या पाडव्याला तिथल्या बाजारात नव्या गुळाचे सौदे निघतात. कैरी यायची ती फाल्गुन-चैत्रात. गूळ मात्र तिची वाट पाहत कितीतरी आधीच फडताळात येऊन बसलेला असतो. तेव्हा चकलीचा तुकडा मोडता मोडता या गोड पाण्याची कुळकथा ऐकायला हरकत नाही.

‘पन्हे’ हा शब्द संस्कृत ‘पानक’ या शब्दापासून आला. कानडीत तो ‘पानक’ असाच राहिला, तमिळमध्ये ‘पानकम्’ झाला, हिंदीत ‘पन्ना’. पानक म्हणजे मद्य नव्हे आणि नुसते सरबतही नव्हे. फळाचा आंबटपणा, गुळाची किंवा मधाची गोडी आणि वर काहीतरी तिखट वा सुगंधी, अशी तीन-चार बिऱ्हाडे एका घरात नांदावीत, तसे ते पेय. घरच्या घरी होणारे, उन्हातून आलेल्याच्या हातात द्यावयाचे.

त्याची एक फार जुनी कथा बौद्धांच्या विनयपिटकात आहे. आपण नावाच्या गावी केणिय नावाचा एक जटाधारी तपस्वी राहत होता. तो बुद्धाच्या संघातला नव्हता. त्याचा मार्ग वेगळा. बुद्ध भिक्षूंसह गावाजवळ आले आहेत हे कळताच त्याला प्रश्न पडला, की यांना द्यावे काय? भिक्षू तर मध्यान्हीनंतर अन्न घेत नाहीत. मग त्याला आठवले, की प्राचीन ऋषीही रात्री जेवत नसत, पण पेये घेत. त्याने पुष्कळसे पेय तयार करविले आणि कावडींतून ते घेऊन तो निघाला. भिक्षू संकोचले, घ्यावे की न घ्यावे? तेव्हा बुद्धांनी आठ पानांना अनुज्ञा दिली: आंबा, जांभूळ, केळ्याचे दोन प्रकार, मोह, द्राक्ष, कमळकंद आणि फालसा. या यादीत पहिला मान आंब्याला आहे, हे कोकणच्या वाचकांना सांगावयास नकोच.

त्या आम्रपानाची कृतीही आपल्या सुदैवाने टिकून राहिली आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धघोष नावाच्या आचार्यांनी सिंहलद्वीपात राहून विनयपिटकावर टीका लिहिली. तीत ते सांगतात, की कोवळ्या कैऱ्या फोडून पाण्यात टाकाव्यात, ते पाणी उन्हात ठेवून सूर्याच्या उष्णतेने शिजू द्यावे, मग गाळून त्यात मध, साखर, कापूर इत्यादी मिसळावे. भिक्षूंसाठी चूल वर्ज्य, म्हणून ऊन! एवढा फरक सोडला, तर आपल्या घरातल्या कोणत्याही आजीने या कृतीत चूक काढली नसती. दीड हजार वर्षांत राज्ये आली आणि गेली, कैरीचे पन्हे आहे तिथेच आहे.

वैद्यांनीही त्याचा विचार केला. सुश्रुतसंहितेत गुळाचे पानक, मग ते आंबट असो वा नसो, पचायला जड म्हटले आहे. मात्र त्यातच खडीसाखर, द्राक्षे, आंबट, तिखट आणि कापूर यांची जोड दिली, की ते निर्दोष होते असा अभिप्राय दिला आहे. उसाच्या रसाचे किती प्रकार त्या काळी होते, ते कौटिल्याच्या अर्थशास्त्रावरून कळते. राजाच्या कोठारात काय काय असावे हे सांगताना त्याने फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी पाच नावे ओळीने दिली आहेत. यातले फाणित म्हणजे आपल्या काकवीचे नातलग. एकाच काहिलीतून निघालेली ही भावंडे. कोणी पातळ राहिले, कोणी दाणेदार झाले.

पण पानकाला खरी प्रतिष्ठा दिली ती वैद्यांनी नव्हे, साहित्यशास्त्रज्ञांनी. भरतमुनींना नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय ते समजावून द्यायचे होते. त्यांनी दाखला आणला तो थेट स्वयंपाकघरातून. गूळ आदी द्रव्ये, व्यंजने आणि वनस्पती एकत्र आल्या, की त्यांतून जसे षाडवादी रस उत्पन्न होतात, तसेच हे, असे ते म्हणतात. पुढे काश्मीरच्या अभिनवगुप्तांचे मत मांडताना मम्मटाने ‘पानकरसन्याय’ हा शब्दच वापरला. पन्ह्याचा घोट घेतला म्हणजे हा गूळ, ही वेलची, हे मीठ, असे निरनिराळे लागत नाही. सगळ्यांचा मिळून एक अपूर्व स्वाद लागतो, आणि तो त्यांतल्या कोणाही एकात आधी नव्हता. काव्याचा रसही तसाच. शाळेत मुलांना हे समजावून देताना मी अनेकदा पाहिले आहे, की व्याख्या फळ्यावर लिहिली तर मुले जांभया देतात आणि पन्ह्याचे नाव काढले की ताठ बसतात.

दक्षिणेत रामनवमीला गुळाचे पाणी, त्यात सुंठ, मिरी आणि वेलची, असे पानक वाटतात. आंध्रात विजयवाड्याजवळ मंगलगिरी नावाची टेकडी आहे. तिथल्या नरसिंहाचे नावच ‘पानकाल’. भक्ताने आणलेले गुळाचे पानक पुजारी देवाच्या मुखात ओततो आणि निम्मे भक्ताला परत देतो. देवसुद्धा एकटा पीत नाही, वाटून पितो!

आपल्याकडे पन्ह्याचा मोसम चैत्रगौरीचा. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते, ती अक्षय्यतृतीयेपर्यंत माहेरवाशीण म्हणून राहते. अंगणात चैत्रांगण रेखायचे, कैरी घालून डाळ वाटायची, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरायच्या आणि आलेल्या प्रत्येकीच्या हाती पन्ह्याचा पेला द्यायचा. खेड्यात तर एरवीही उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे प्रथम गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या येई. त्या गूळपाण्यावर पुढे चहाने मात केली. 1903 साली सरकारने चहाच्या निर्यातीवर उपकर बसविला आणि त्या पैशांतून चहाचा प्रचार होऊ लागला. पाहता पाहता ‘गूळपाणी’ मागे पडून ‘चहापाणी’ हा शब्द रूढ झाला. पाठोपाठ साखर आली. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी कारखाना उभा राहिला, 1950 च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले, आणि मग एकामागून एक कारखान्यांची धुराडी वर आली. त्यांनी शेतकऱ्याच्या घरात पैसा आणला, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे. पण पन्ह्याचा तपकिरी रंग गावंढळ ठरला आणि पांढऱ्या साखरेचे फिकट पन्हे शिष्ट ठरले, तेही याच काळात.

आमच्या आजोळी मात्र गुळाचेच पन्हे होई आणि ते मावशीआजी करी. ती आजीची धाकटी बहीण. तिची रीत अशी: कैऱ्या कडक, आंबट आणि आत बाठ धरलेल्या घ्यायच्या. त्या चुलीच्या निखाऱ्यात भाजायच्या, नाहीतर सालासकट उकडायच्या. भाजलेल्या कैरीला धुराचा जो किंचित वास येतो, त्याची सर उकडलेलीला नाही. निवल्यावर साल काढून गर हाताने कोळायचा. वाटीभर गराला दीड वाटी चिरलेला गूळ. कैरी फारच आंबट निघाली तर दोन. गूळ पिवळाधमक नको, काळसर हवा. तिचे म्हणणे असे, की गुळाला रंग लावणारा माणूस पन्ह्याला चव लावीत नाही. गूळ विरघळला, की ते सारे गाळून घ्यायचे, कारण गुळात कधी उसाची कूस, कधी बारीक खडा असायचाच. मग चिमूटभर मीठ, वेलची, असलेच तर केशर. प्यायच्या वेळी एक भाग बलक आणि तीन-चार भाग माठातले पाणी. बर्फ तिला पसंत नव्हता. जीभ बधिर झाली तर चव कोणाला कळणार, असे ती विचारी.

सबंध आळीत तिच्या हातच्या पन्ह्याचे नाव होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका यायच्या आणि पेला रिकामा करून म्हणायच्या, “पन्हे काय सुरेख झालंय हो!” मावशीआजी ते स्वयंपाकघरात बसून ऐके. कारण ती विसाव्या वर्षी विधवा झाली होती, आणि हळदीकुंकू सुवासिनींचे. भांडे तिचे, गाळणे तिचे, हात तिचा. बैठक मात्र तिची नव्हे. सगळ्या गेल्या, की तळाशी उरलेले ती फुलपात्रात ओतून घेई. तिला याविषयी कधी कोणी विचारले नाही, आणि तीही कधी बोलली नाही.

पन्ह्याच्या इतिहासात मला गोम दिसते ती इथे. पेल्यात आंबट, गोड, तिखट, खारट असे सगळे एकजीव करायला आम्ही दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच शिकलो, त्यावरून काव्याचे शास्त्र उभारले. पण ज्या खोलीत तो पेला फिरे, तिथे माणसे मात्र निवडून निवडून बाजूला काढली. जातीने काढली, वैधव्याने काढली.

ती एका जागी आणण्याचे यत्नही याच महाराष्ट्रात झाले. 1852 च्या जानेवारीत सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात तिळगुळाचा समारंभ केला आणि सर्व जातींच्या स्त्रियांना एकाच जाजमावर बसण्याचे निमंत्रण दिले. 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला आणि 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ओंजळभर पाणी प्याले. पन्हे दूरच, साध्या पाण्यासाठी माणसांना एवढे करावे लागले. या तारखा आपण मुलांना पाठ करायला लावतो. त्यांचा आपल्या माजघराशी काय संबंध, हे सांगायचे मात्र राहून जाते.

आणि हा इतिहास संपलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. सगळा उसाचा मुलूख. मे 2022 मध्ये या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला, की पती वारल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरविण्याचे आवाहन केले. ठरावाने मने एका दिवसात बदलत नाहीत, हे मीही जाणतो. पण गुळाचेही तसेच आहे. रस काहिलीत पडला की लगेच गूळ होत नाही. आधी भेंडीचे पाणी घालून मळी वर आणावी लागते, ती पुनःपुन्हा काढावी लागते, आणि पाक कोणत्या क्षणी उतरवायचा त्यावर गुळव्याला डोळा ठेवून उभे राहावे लागते. हेरवाडने निदान मळी वर आणली.

तेव्हा या पाडव्याला घरात नवा गूळ येईल, त्यातला एक चांगला काळसर खडा कागदात गुंडाळून चैत्रासाठी बाजूला ठेवा. कैऱ्या आल्या, की वर सांगितलेल्या बेताने पन्हे करा. कारखान्याची साखर, बाटलीतला अर्क, कशाचीही गरज पडणार नाही. आणि पाट मांडायला घ्याल तेव्हा आधी स्वयंपाकघरात डोकावून या. तिथे कोणी पन्हे गाळीत बसले असेल, तर पहिला पेला तिच्या हाती द्या आणि तिला बाहेर घेऊन या.