या, बसा! : बंगळूर-म्हैसूर वाटेवरच्या उपाहारगृहांची कहाणी

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की आपल्या मंडळातल्या तरुण मंडळींचे बेत शिजू लागतात. बंगळूरला नव्याने आलेल्यांचा पहिला बेत बहुधा म्हैसूरचाच असतो. गाडी ठरते, राहण्याच्या खोल्या ठरतात आणि मग कुणीतरी विचारते, "जेवायचे कुठे? टेबल आधी सांगून ठेवायला हवे का?" इथे मुरलेली मंडळी यावर नुसती हसतात. या वाटेवर चांगले खायला आधी कुणाला काही कळवावे लागत नाही. जायचे, रांग असली तर उभे राहायचे आणि जागा झाली की बसायचे. समोर अनोळखी माणूस असला तरी बसायचे.

ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिला काही इतिहास असेल असे मनातही येत नाही. पण आगाऊ न सांगता, नाव-गाव-जात न विचारता कुणीही यावे आणि पैसे देऊन जेवावे अशी जागा आपल्या देशात फार जुनी नाही. ती कशी घडली हे बंगळूरच्या जुन्या उपाहारगृहांकडे पाहिले की चांगले समजते.

खाणावळ आणि हॉटेल

आपल्याकडची खाणावळ मुख्यतः महिनेवारी गिऱ्हाइकांची. मालकीणबाईंना प्रत्येकाचे नाव, गाव आणि भूक ठाऊक असे. कोण कुणाच्या खाणावळीत जेवतो यावरून त्याची जात आणि मुलूखही कळे. प्रवासात माणसे घरची शिदोरी बांधून घेत, नाहीतर नातलग आणि धर्मशाळा शोधत. परक्याच्या हातचे खाणे टाळण्याकडे कल असे. रेल्वे आली आणि ही घडी विस्कटू लागली. पण रेल्वेनेही आधी जुनीच रीत पाळली. स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे मिळे, चहासुद्धा वेगळा. दक्षिणेतील रेल्वेच्या उपाहारगृहांत ब्राह्मणांसाठी निराळी बसण्याची जागा असे.

रेल्वेने दिलेली एक चवदार देणगी मात्र आपल्या म्हैसूरच्या वाटेवरच आहे. मद्दूर स्थानकावर गाड्या थांबत तेव्हा रामचंद्र बुध्य नावाचे विक्रेते फलाटावर खाद्यपदार्थ विकत. १९१७ साली एकदा गाडी लवकर सुटणार म्हणून घाईघाईत त्यांनी भज्याचे पीठ थापून तळले आणि मद्दूर वडा जन्माला आला, असे सांगतात. रवा, तांदळाचे पीठ, मैदा आणि भरपूर कांदा घातलेला हा चपटा, कुरकुरीत वडा हातात धरून खाता येतो. फलाटावर कुणी कुणाची पंगत पाहत बसत नाही. गाडी सुटायच्या आत खायचे, एवढाच तिथला नियम.

पाटीवरचा शब्द

बंगळूरमधल्या शाकाहारी उपाहारगृहांचा मोठा भाग उडुपीच्या परिसरातून आलेल्या स्वयंपाक्यांनी उभा केला. आपल्या घरातल्या मसाल्यांच्या पाकिटांवर 'एमटीआर' ही तीन अक्षरे दिसतात, त्यांचे मूळ इथेच आहे. उडुपीकडून आलेल्या परमेश्वर मय्या आणि त्यांच्या भावांनी १९२४ साली एक लहानसे उपाहारगृह काढले. त्याचे नाव होते 'ब्राह्मण कॉफी क्लब'.

त्या काळी अशा नावाला व्यवहाराचे कारण होते. ब्राह्मणाच्या हातचे अन्न बहुतेक सगळ्या हिंदू जातींना चालत असे. त्यामुळे पाटीवरचा तो शब्द गिऱ्हाइकांना स्वयंपाकाची हमी देई. परंतु तोच शब्द काहींना दारातच थांबवतही असे. दक्षिणेतल्या कित्येक हॉटेलांत ब्राह्मणांची बसण्याची खोली वेगळी, इतरांची वेगळी, आणि अस्पृश्य मानलेल्यांना आत येण्याचीच मनाई होती. त्यांना बाहेर उभे राहून, वेगळ्या ठेवलेल्या भांड्यातून चहा घ्यावा लागे.

१९६० मध्ये हे उपाहारगृह लालबाग रस्त्यावर आले आणि त्याचे नाव 'मावळ्ळी टिफिन रूम्स' झाले. मावळ्ळी हे वस्तीचे नाव. जातीच्या जागी पत्ता आला. तीन वर्षे आधी, १९५७ साली, मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात एका हॉटेलाच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द काढावा म्हणून पेरियार यांच्या अनुयायांनी दीर्घकाळ निदर्शने करून अटक करून घेतली होती. पाटीवरच्या एका शब्दासाठी माणसे तुरुंगात गेली, यावरून त्या शब्दाचे वजन कळते. सगळ्याच पाट्या काही बदलल्या नाहीत. बंगळूरच्या शंकरपुरम भागात १९६५ साली निघालेला 'ब्राह्मिन्स कॉफी बार' त्याच नावाने प्रसिद्ध आहे. तिथे इडली-वड्याबरोबर सांबार नसतो, फक्त चटणी असते. आज मात्र त्याच्या दारातल्या पायरीवर कोण कुणाशेजारी उभे आहे हे कुणी विचारत नाही.

घटनेतले उपाहारगृह

हा बदल आपोआप झाला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले. सार्वजनिक जागा सगळ्यांची आहे हे त्यातून ठणकावून सांगितले गेले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून तिथे कुणालाही अडवता येत नाही. देशाच्या सर्वोच्च कायद्यात हॉटेलाचा उल्लेख करावा लागला, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

१९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने आणखी बारकाईने पाहिले. हाच पुढे १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जाऊ लागला. हॉटेलात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरलेच, शिवाय तिथली सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणेही गुन्हा ठरले. दोन पेल्यांची पद्धत कायद्याने अशी मोडली. काही खेड्यांतल्या चहाच्या टपऱ्यांवर ती पुढेही चालू राहिल्याच्या बातम्या येत राहिल्या, हेही विसरता येणार नाही.

आपल्या ओळखीचा द्रोण

आता थोडे आपल्या घरचे. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्या काळापासून इथे मराठी घराणी स्थायिक झाली. बंगळूरमधली काही जुनी 'मिलिटरी हॉटेले' अशाच मराठा घराण्यांची आहेत. 'मिलिटरी' म्हणजे मांसाहारी जेवण मिळण्याचे ठिकाण. फौजेच्या खाण्यावरून हे नाव पडले असे सांगतात. शाकाहारी 'ब्राह्मण हॉटेल' आणि मांसाहारी 'मिलिटरी हॉटेल' या दोन पाट्यांवरूनच वाटसरूला आत काय शिजते ते कळे.

जयनगरच्या शिवाजी मिलिटरी हॉटेलात रविवारी दुपारी गेलात तर बाहेरच गर्दी दिसेल. इथली बिर्याणी पानाच्या द्रोणात येते, म्हणून तिला 'दोन्ने बिर्याणी' म्हणतात. कन्नडमधला 'दोन्ने' म्हणजे आपला द्रोण. तीनशे-साडेतीनशे वर्षे इथे राहिलेल्या मराठी माणसांची चूल इथल्या चुलीत कशी मिसळून गेली, ते या द्रोणात दिसते.

उभ्याने खाण्याची सोय

१९५७ साली बंगळूरमध्ये कामगारांच्या कॉफी सहकारी संस्थेने आकार घेतला. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करायला घेतल्यावर काढून टाकलेल्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या मार्गदर्शनाखाली ती स्वतः चालवायला घेतली. एका कपावर तासभर बसले तरी उठा म्हणायचे नाही, ही त्यांची रीत. २००९ मध्ये महात्मा गांधी रस्त्यावरचे कॉफी हाउस हलवून चर्च स्ट्रीटवर नेले, तेव्हा जुन्या गिऱ्हाइकांना हळहळ वाटली ती त्यामुळेच.

याच्या अगदी उलट कल्पना १९८३ साली जयनगरमध्ये 'कॅफे दर्शिनी'च्या रूपाने आली. आर. प्रभाकर यांनी खुर्च्याच काढून टाकल्या. आधी गल्ल्यावर पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, ती ओट्यावर द्यायची आणि उंच टेबलाशी उभे राहून खायचे. जागा कमी लागते, वेटर लागत नाहीत, म्हणून किंमतही आवाक्यात राहते. स्वयंपाकघर समोर दिसते, त्यामुळे स्वच्छतेची खात्री डोळ्यांनी करून घेता येते. बसण्याच्या जागाच नाहीत म्हटल्यावर कुणासाठी वेगळी जागा ठेवण्याचा प्रश्नही उरत नाही. जुन्या हॉटेलांत बायकांसाठी पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असे. दर्शिनीत नोकरीला निघालेली मुलगी सकाळी एकटी येते, इडली खाते आणि बसस्टॉपवर जाते. कुणी वळूनही पाहत नाही. 'बाय टू कॉफी' म्हणून एकच कॉफी दोघांत वाटून घेण्याची इथली पद्धत नवख्या मराठी माणसालाही पहिल्याच आठवड्यात जमते.

निघण्यापूर्वी

आता या वाटेवरच्या प्रवासाविषयी थोडे. २०२३ मध्ये बंगळूर-म्हैसूर नवा द्रुतगती मार्ग खुला झाला. तो बिडदी, रामनगर, चन्नपट्टण, मद्दूर आणि मंड्या या गावांना वळसा घालून जातो. वेळ वाचतो, पण बिडदीची ताटलीएवढी 'तट्टे इडली' आणि मद्दूरचा वडा जुन्या रस्त्यावरच राहिले. त्यांची भिस्त वाटेत सहज थांबणाऱ्या गिऱ्हाइकावर होती. आता मुद्दाम खाली उतरले तरच ती ठिकाणे भेटतात. अर्ध्या तासाचा वळसा पडला तरी उतरावे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर पोहोचावे. गांधी बझारमधल्या १९४३ सालच्या 'विद्यार्थी भवन'मध्ये उशीर केला तर दारात चांगलीच वाट पाहावी लागते. पण हातावर डोशांच्या बशांची उतरंड घेऊन येणारा वेटर पाहिला की शीण जातो. आठजणांनी एकत्रच बसायचा हट्ट धरू नये. चार इकडे, दोन तिकडे, दोन एखाद्या अनोळखी आजोबांसमोर असे बसावे. त्या आजोबांना विचारले तर काय मागवावे तेही ते सांगतात आणि आपले मोडके कन्नड थोडे सुधारते. खाऊन झाले की गप्पा बाहेर कट्ट्यावर न्याव्यात, कारण आपल्या खुर्चीमागे कुणीतरी भुकेले उभे असते.

परमुलखात आलेल्या आपल्यासारख्यांना या टेबलांनी फार आधार दिला आहे. घर मिळण्याआधी, भाषा येण्याआधी आणि मंडळाचा पत्ता सापडण्याआधीही इथे पोटभर जेवता आले. यंदा मंडळात नव्याने आलेल्या सहकाऱ्यांना म्हैसूरला नेताना त्यांना एवढे जरूर सांगावे, की समोरच्या रिकाम्या खुर्चीवर कुणी बसू का म्हणून विचारले, तर "या, बसा" म्हणावे.