वतन, ऊस आणि वाळू : साधन कोण ठरवते?

"तुमच्याकडे साधनेच नव्हती, म्हणून तुमचा समाज मागे राहिला," असे वाळवा तालुक्यातल्या आपल्या तरुणांना आजही ऐकवले जाते. आम्हाला हे विधानच मान्य नाही. कोणती गोष्ट साधन आणि ते कोणाचे, हे निसर्ग ठरवत नाही. कायदा, दप्तर आणि संस्था ठरवतात. इतिहास तपासा.

महार वतन घ्या. सीमा राखणे, सरकारी निरोप पोचवणे, सारा वसुलीसाठी लोकांना चावडीवर बोलावणे, अधिकाऱ्यांच्या तैनातीत राहणे, ही कामे महारांनी केली. त्यांच्याशिवाय गावगाडा आणि महसूल खाते चालले नसते. म्हणजे श्रम हे मोठे साधन होते, पण ते सरकारचे. 1874 च्या वतन कायद्याने या श्रमाला पगाराची नोकरी मानलेच नाही. मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा आणि बलुते, आणि त्या तुकड्यावरही जुडी! 19 मार्च 1928 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. 1929 मध्ये ते मागे घ्यावे लागले. वतने कायद्याने गेली ती 1958 च्या निर्मूलन कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. जमिनी परत मिळायच्या, पण शेतसाऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून आणि नव्या शर्तीवर.

पुढे सहकार आला. इस्लामपूरजवळ साखराळ्याला साखर कारखाना उभा राहिला, ऊस वाढला, पैसा आला. पण उत्पादक सभासद व्हायला ऊस हवा, उसाला पाणी हवे, पाण्याला जमीन हवी. ज्याचा सातबाराच नाही, तो ऊसतोडीला चालतो, सभासद म्हणून चालत नाही. जुनी चावडी गेली, मोजमाप तेच राहिले.

हे मोजमाप बदलता येते, याचा पुरावाही सांगली जिल्ह्यातच आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीची वाळू सरकारच्या लेखी ठेकेदाराला लिलावात द्यायचा माल होती. 1980 च्या दशकात बळवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी चळवळ करून त्या वाळूवर गावाचा हक्क सांगितला आणि तिच्या पैशाचा आधार घेत बळीराजा धरण बांधले. पाणीवाटपाचे तत्त्व ठरले ते कुटुंबाप्रमाणे समान वाटा, भूमिहीनांनाही. वाळू तीच, नदी तीच. ठरवणारे बदलले.

महाडचा धडा हाच होता. चवदार तळ्यात पाणी होतेच. 1927 चा लढा 'सार्वजनिक' या शब्दात आपण मोजले जातो की नाही, याचा होता.

म्हणून तरुणांनो, योजनांच्या रांगेत उभे राहण्याआधी दप्तर वाचायला शिका. आपल्या गावच्या वतन जमिनींचे जुने सातबारे आणि फेरफार काढा. 'वर्ग 6 ब' कुठे होते आणि आज तिथे कोणाचे नाव आहे, ते पाहा. पाणी संस्थेचे नियम मागवा, ग्रामसभेत प्रश्न विचारा. वाटा मागणे पुरेसे नाही. वाटणी ठरवणाऱ्या जागेवर बसले पाहिजे. बाबासाहेबांनी शासनकर्ती जमात बना म्हटले, त्याचा गावपातळीवरचा अर्थ आम्ही हाच घेतो.

जय भीम!